दोन कप्प्यांचा आड

पिराजी मामा पहिल्यांदा आमच्या नांदेडच्या ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या एका हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मी माठाकडे बोट केलं, तर म्हणाले, "राहू दे माय. सध्या पाहुण्यानं आपलं पाणी संगं आणायचं दिवस हायत."

एप्रिल २०१६ ची ही गोष्ट. लातूरला तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. नांदेडची गतही फार बरी नव्हती. मामा सकाळी चाकूरहून एसटीत बसले होते, अहमदपूरला गाडी बदलून दुपारी पोचले होते. शर्टाच्या वरच्या खिशात पांढऱ्या खडूचे तीन तुकडे होते. मला वाटलं, शाळेत शिक्षक असतील.

ते शिक्षक नव्हते. ते विहिरी मोजायचे.

१९८२ साली उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, आणि नवी कार्यालयं म्हणजे नव्या जागा. चाकूरजवळच्या एका खेड्यातला दहावी पास पिराजी व्यंकटी असाच एका सरकारी कार्यालयात मदतनीस म्हणून लागला. साहेबांनी त्याला एक पोलादी फीत दिली, एक रजिस्टर दिलं आणि एकसष्ट विहिरींची यादी दिली. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, असं वर्षातून चारदा प्रत्येक विहिरीवर जायचं. फितीच्या खालच्या टोकाला खडू फासायचा, फीत आत सोडायची, वर ओढायची. खडू जिथपर्यंत भिजला तिथं पाणी. कठड्यापासून पाणी किती खोल, ते मीटरमध्ये लिहायचं. बस, एवढंच काम. ते त्यांनी चौतीस वर्षं केलं.

"कंटाळा नाही आला मामा?" मी विचारलं होतं.

"यायचा की. पण इहीर कुठं कंटाळती? दर बारीला नवं काही सांगती."

आमच्याकडे ते का आले होते, ते सांगते. आमची कंपनी म्हणजे बसवराज सर आणि आम्ही चौघं. सर मूळचे उदगीरचे, पंचेचाळिशीचे, बोलायला कमी आणि रागवायला त्याहून कमी. मामांच्या कार्यालयाची जुनी माहिती नव्या संगणक-प्रणालीत भरायचं काम आमच्याकडे आलं होतं. जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली होती. पण १९९८ साली कार्यालयात पहिला संगणक आला तेव्हा मामांनी दोन हिवाळे जेवणाच्या सुट्टीत बसून, एका बोटानं टाइप करून, सगळी रजिस्टरं त्यात चढवली होती. पुढची नोंदही तिथंच होत राहिली. आठ हजारांच्या वर नोंदी. तो संगणक मार्चच्या उन्हात बंद पडला, तो कायमचा. आतली डिस्क तेवढी शाबूत निघाली.

३१ मेला नवी प्रणाली सुरू होणार होती. तोवर जे येईल ते आत, नाही ते बाहेर. २००५ पासूनचे आकडे कार्यालयाकडे दुसरीकडे होते. म्हणजे मामांचे आधीचे बावीस-तेवीस वर्षांचे आकडे आले नाहीत, तर लातूरच्या विहिरींचा इतिहास २००५ पासून सुरू होणार. आणि ३१ मेलाच मामा रिटायर होणार होते.

"त्यात काय एवढं?" असं मी तेव्हा म्हणाले होते. आज लाज वाटते.

मामांनी शांतपणे सांगितलं, "हे बघ लेकी. औंदा पाणी किती खाली गेलं, हे कशावरनं ठरवणार? सरासरीवरनं. २००५ पासनं धरलं तर निम्मी वर्षं दुष्काळाचीच. मग साहेब म्हणणार, हमेशापेक्षा मीटरभरच खाली हाय की. ब्याऐंशीपासनं धरलं तर साडेतीन मीटर खाली. इहीर तीच, पाणी तेवढंच. पण एका हिशेबात दुष्काळ हाय आन् एकात न्हाई."

त्या दिवसापासून मला ते काम दुसऱ्याचं वाटलं नाही.

काम असं होतं. त्या डिस्कवरची जुनी प्रणाली चालेल असा संगणक आता कुठं मिळत नाही. म्हणून आम्ही आमच्या मोठ्या संगणकाच्या पोटात एक नकली जुना संगणक उभा केला. तो खरा नसतो, पण आतल्या प्रोग्रामला ते कळत नाही. त्याच पोटात शेजारी दुसरा नकली संगणक, त्यात कार्यालयाची नवी प्रणाली. दोघं एकाच घरात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. जुन्याला नेटवर्क म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. फायली सरळ उचलून न्यायच्या तर त्या प्रोग्रामनं माहिती अशा गुंतागुंतीनं साठवली होती की बाहेरून वाचता येत नव्हती. त्याला एकच रीत येत होती: पाठीमागच्या सिरियल पोर्टला, म्हणजे तारेतून एकावेळी एकच अक्षर सोडणाऱ्या जुन्या खोबणीला, जोडलेल्या पडद्यावर विचारायचं, 'विहीर क्रमांक?' मग 'वर्ष?' आणि उत्तर मिळालं की एकेक अक्षर करत ओळ छापायची. एक विहीर, एक वर्ष, एक ओळ. माणसानं बसून हे दोन हजारांवर वेळा करायचं आणि पडद्यावरचं कागदावर उतरवायचं, तर मे काय, दिवाळी आली असती.

नवी प्रणाली सरकारी असल्यामुळे तिच्याभोवतीच्या सगळ्या वाटा नियमानं बंद होत्या. एकच वाट मोकळी ठेवायची परवानगी मिळाली: संगणकाच्या स्मृतीचा एक छोटा तुकडा, जो दोन्ही नकली संगणकांना दिसेल. मी त्या तुकड्याला सिरियल तार बनवायचं ठरवलं. ओळीनं मांडलेले खण. जुना एका खणात अक्षर ठेवणार आणि खूण करणार. नवा खूण बघून अक्षर उचलणार आणि आपली खूण करणार. शेवटच्या खणानंतर पुन्हा पहिला. उलट दिशेला दुसरी तशीच ओळ, म्हणजे नवा प्रश्नांची उत्तरं टाइप करणार. जुन्याला वाटणार, समोर पडदा घेऊन माणूसच बसलाय.

दहा दिवस लागले. एका दुपारी माझ्या पडद्यावर 'विहीर क्रमांक?' असं उमटलं आणि त्यासमोर कुणी हात न लावता '1' आलं, तेव्हा मी खुर्चीवरून उडालेच. बसवराज सर केबिनमधून बाहेर आले, बघितलं आणि म्हणाले, "हम्म." सरांचं 'हम्म' म्हणजे आमच्याकडे मोठं बक्षीस.

दोन दिवसांत सगळ्या ओळी आल्या. मी पाठवलेली अक्षरं मोजली, आलेली मोजली. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मी मामांना फोन केला, "झालं मामा! या, बघून सही करा."

मामा आले. यावेळी बाटलीबरोबर मंजुळाबाईंनी, म्हणजे मामींनी, दिलेल्या धपाट्यांचा डबा होता. आमच्या सर्व्हरच्या खोलीत तेवढा एसी होता. दारातून मान आत घालून मामा म्हणाले, "वा! यंत्राला गारवा आन् लेकरं पंख्याखाली. तुमचं सर भारी हायत."

"मामा, ते यंत्र तापलं तर तुमच्या विहिरी जातील," सर म्हणाले.

"तर मग राहू द्या त्याला आत. दार लावा."

मी पडद्यासमोर बसले. मामांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले.

"वाच."

"तुम्ही बघणार नाही?"

"मी कधी बघून तपासत न्हाई. साहेब वाचायचं, मी ऐकायचो. कानाला लागलं की थांबवायचो. तू वाच."

मी वाचत गेले. ते मान हलवत राहिले. कुठं हसले, कुठं नुसतं 'हाव' म्हणाले. मी सातव्या विहिरीवर आले. "१९८९. जानेवारी, सहा पूर्णांक दहा. मार्च, सात पूर्णांक नव्वद. मे, सात पूर्णांक चाळीस."

"थांब."

मी थांबले.

"मार्चापेक्षा मेला पाणी वर आलं? अगं, ती सासुरवाडी हाय माझी. मे महिन्यात तिथं दोराला दोर बांधून पाणी काढत्यात. जावई इहीर मोजायला आला की सासूबाई म्हणायच्या, मोजतोस काय, चार बादल्या ओढून दे. नऊ पूर्णांक चाळीस असंल ते."

"पण मामा, अक्षरं मोजली मी. सगळी बरोबर आहेत."

"अक्षरं बरुबर असतील. पाणी चुकलंय."

पुढच्या तासाभरात त्यांनी अशा अकरा जागा पकडल्या. एका आकड्याच्या जागी दुसराच आकडा. संख्या तेवढीच, आणि बघणाऱ्याला संशय येऊ नये इतकी साळसूद. तासाभरात अकरा, तर एकसष्ट विहिरींत किती? आणि ज्या मामांच्या कानाला लागल्या नाहीत त्यांचं काय? हे असंच आत गेलं असतं तर मामांच्या नावानं खोटे आकडे कायमचे बसले असते. न जाण्यापेक्षा ते वाईट.

सरांनी "आज तारीख?" एवढंच विचारलं. अठरा मे होती.

मी कागदावर खण काढून मामांना समजावायला लागले. खरं तर मी स्वतःलाच समजावत होते. मामा धपाट्याचा तुकडा मोडता मोडता ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हंजे अहमदपूरकडचा सतरा नंबरचा आड."

"काय?"

"दोन घरांच्या मधी हाय. भिंत बरुबर आडाच्या तोंडावरनं गेली. अर्धं तोंड ह्या अंगणात, अर्धं त्या. दोन बाजूला दोन कप्प्या. खाली पाणी एकच. हिकडं शरणम्मा, तिकडं साखराबाई. दोघींचं वीस वर्सं बोलणं न्हाई."

"मग पोहरे अडकत नाहीत एकमेकींचे?"

"कसं अडकतील? कप्पीवर एकदा टकटक केलं म्हंजे मी पोहरा सोडून राहिले. काढला, काठावर ठेवला, की दोनदा टकटक. झालं. मग दुसरीनं सोडायचा. तोंड बघत न्हाईत एकमेकीचं, पण टकटक कधी चुकवली न्हाई. मी फीत सोडायच्या आधी मी बी वाजवतो. एकदा इसरलो तर साखराबाईनं भिंतीपलीकडनं माझं सगळं खानदान काढलं." ते हसले, मग माझ्या कागदाकडे बघून म्हणाले, "तुझं हे अक्षर ठेवणारं कवा वाजवतंय? पोहरा आत असताना, का काठावर ठेवल्यावर?"

मी प्रोग्राम उघडला. ती ओळ शोधली. दोन ओळी एकाखाली एक होत्या. पहिली, खूण पुढे सरकव. दुसरी, अक्षर ठेव.

मी पोहरा आत असतानाच 'झालं' म्हणत होते. बहुतेक वेळा चालून जायचं, कारण दोन ओळींमधला वेळ डोळ्याच्या पापणीपेक्षा कितीतरी कमी. पण कधी कधी वाचणारा तेवढ्यात यायचा आणि त्या खणात मागच्या फेरीचं जे शिळं अक्षर पडलेलं असायचं तेच उचलून न्यायचा. मोजणी बरोबर, पाणी चूक.

"मामा," मी म्हणाले, "आधीच वाजवतंय."

"मग साखराबाई ओरडणारच की."

ओळी उलट केल्या. शिवाय मध्ये एक अडसर घातला, कारण आजकालचे संगणक घाई करून मागचं काम पुढं करून टाकतात. अक्षर खरोखर ठेवून झाल्याशिवाय खूण करायचीच नाही, असं त्याला बजावून सांगावं लागतं. यावेळी मी नुसती मोजणी केली नाही. प्रत्येक ओळ दोनदा मागवली, आणि दोन्ही वेळा सारखी आली तरच ठेवली. मामांनी सातव्या विहिरीचं मे महिन्याचं पुन्हा वाचायला लावलं. नऊ पूर्णांक चाळीस. त्यांनी डोळे उघडले नाहीत, फक्त म्हणाले, "सासूबाई बरुबर होत्या."

वाटलं, संपलं. पण नव्या प्रणालीनं सगळ्या ओळी घेतल्या आणि पाच परत टाकल्या. पाचही ऑक्टोबर १९९३ च्या, म्हणजे भूकंपानंतर लगेचच्या, पाचही किल्लारीकडच्या विहिरींच्या. आकड्याच्या जागी आकडाच नव्हता. जुन्या प्रोग्रामात तिथं काहीही लिहिता यायचं. मामांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. मी मोठ्यानं वाचलं.

'मोजली न्हाई. माणसं काढून राहिलो.'

पाचही ठिकाणी तेच.

मी लातूरला फोन लावला. तिकडचे साहेब भले गृहस्थ होते. म्हणाले, "अहो, रकान्याला आकडाच लागतो. आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची सरासरी टाका. पाचच तर आहेत."

फोनचा आवाज मोठा होता, मामांनी ऐकलं. ते पिशवी आवरायला लागले.

"मामा?"

"तवा बी साहेबांनी हेच सांगितलं होतं. टाक अंदाजानं, कोण बघतंय. मी टाकला न्हाई." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "मी तितं गेलो होतो, फीत घेऊनच गेलो होतो. पण फीत पिशवीतनं काढलीच न्हाई. आठ दिवस. आता तितं आकडा घातला तर त्याचा अर्थ, पिराजी त्या दिवशी आडात फीत सोडून बसला होता. ते पाच घालायचं असतील तर बाकीचं आठ हजार बी काढून टाका. माझं न्हाईत म्हणा."

रागानं नाही, अगदी साधेपणानं बोलले. ज्या बावीस वर्षांच्या आकड्यांसाठी हा माणूस उन्हात चार फेऱ्या घालून आला होता, ते तो पाच आकड्यांसाठी सोडून द्यायला तयार होता. आणि ते बरोबरच होतं. त्या पाच जागी त्यांनी खोटं लिहिलं नाही, म्हणून तर बाकीचे आठ हजार खरे.

बसवराज सर दारात उभे होते. त्र्याण्णवला ते कॉलेजात होते आणि उदगीरहून ट्रकमध्ये बसून किल्लारीला मदतीला गेले होते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, आकड्याचा रकाना रिकामा राहू द्या. शेजारी शेऱ्याचा एक रकाना घालून देतो. पैसे नकोत. मंजुरी तेवढी आणा." पलीकडून पुन्हा सरासरीचीच गोष्ट निघाली. "नाही, सरासरी नाही टाकणार. माणूस समोर बसलाय माझ्या."

मंजुरी यायला सहा दिवस लागले. रकाना घालायला मला एक दुपार. सत्तावीस मेला सगळ्या ओळी आत गेल्या, एकही परत आली नाही. मी शेऱ्याच्या रकान्यात ते वाक्य देवनागरीत उतरवलं, पण एक अक्षर बदललं नाही. 'न्हाई'चं 'नाही' केलं नाही.

एक फेरी उरली होती. मे २०१६ ची, मामांची शेवटची. एकतीस तारखेला, सतरा नंबरच्या आडावर, मी त्यांच्याबरोबर गेले. मला तो आड बघायचाच होता. अहमदपूरच्या स्टँडवरून जीपनं गेलो. उन्हानं अंगण तापलं होतं. भिंत खरोखरच आडाच्या तोंडावरून गेली होती. अलीकडची कप्पी झिजून चकचकीत झाली होती. शरणम्मा ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या.

"आलास का शेवटचा?" त्या म्हणाल्या. "काय मोजतोस आता? महिना झाला, पोहरा कोरडाच येतो. आम्ही टँकरचं भरतोय."

"मोजावं तर लागंल अक्का."

"ही कोण? सून?"

"हिनं माझ्या समद्या इहिरी नांदेडला नेल्या."

"पाणी बी नेलं का काय मग?" शरणम्मा हसल्या आणि माझ्यापुढे मूठभर शेंगा ठेवल्या.

मामांनी खिशातून खडूचा तुकडा काढला. फितीच्या टोकाला नीट, दोन्ही बाजूंनी फासला. मग बोटाच्या पेरानं कप्पीवर एकदा वाजवलं आणि थांबले. आत पाणी नव्हतं, पलीकडून कुणाचा पोहरा येण्याची शक्यताच नव्हती. तरी ते थांबले. भिंतीपलीकडे पावलं वाजली.

"सोडा," साखराबाईंचा आवाज आला.

फीत खाली गेली, जात राहिली, मग तळाला टेकल्याचा बारीक खट आवाज आला. मामांनी ती वर ओढली. खडू टोकापर्यंत पांढराच होता. त्यांनी तो मला दाखवला, मग माझ्या मोबाइलकडे बोट केलं. मी त्याच दिवशी सुरू झालेली नवी प्रणाली उघडली होती.

"आकडा?" मी विचारलं.

"आकडा न्हाई. शेरा लिही. कोरडी."

मी लिहिलं. विहीर सतरा, मे २०१६, कोरडी. मोजणारा, पिराजी व्यंकटी. 'जतन झाले' असं पडद्यावर आलं. मी मामांना ते वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

मग त्यांनी फीत पुसली, गुंडाळून पिशवीत ठेवली आणि कप्पीवर दोनदा टकटक केलं.